धान बदलले, तशी माशीही बदलली : 'गंगई' सांगते यजमान वनस्पती आणि कीटक यांच्या उत्क्रांतीची कथा

भिलाई : पोलादाचे शहर म्हणून देशभर ओळखल्या जाणाऱ्या भिलाईची वेस ओलांडली की दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या बांध्या सुरू होतात. येथील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. त्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रदेश धान पिकवत आला आहे. या शेतांत खरिपाच्या पावसाबरोबर डासाएवढी एक माशी उतरते. छत्तीसगडी शेतकरी तिला 'गंगई' म्हणतात, तर विदर्भात ती 'गादमाशी' या नावाने परिचित आहे.

भिलाईहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने राजनांदगाव, देवरीमार्गे पश्चिमेकडे निघाल्यास सुमारे दीडशे किलोमीटरवर भंडारा जिल्ह्यातील साकोली लागते. तेथेही धान आहे आणि तेथेही हीच माशी आहे. दिसण्यात दोन्हीकडच्या माशीत काहीही फरक नाही. मात्र रायपूर-दुर्ग पट्ट्यात ज्या प्रतिकारक वाणांवर तिची अळी मरून जाते, त्यांपैकी काही वाणांवर साकोलीकडील अळी निर्धास्तपणे वाढते. एकाच जातीच्या कीटकाचे हे दोन स्वभाव कोठून आले, या प्रश्नाच्या उत्तरात वनस्पतींवर जगणारे कीटक आपल्या यजमान वनस्पतीनुसार कसे बदलतात, याचा उलगडा होतो. उत्क्रांती ही लाखो वर्षांत घडणारी आणि जीवाश्मांतून वाचावी लागणारी प्रक्रिया आहे, असा सर्वसाधारण समज आहे. गंगईच्या बाबतीत मात्र तिचा एक टप्पा शेतकऱ्याच्या एका पिढीच्या आयुष्यात, त्याच्या डोळ्यांदेखत पार पडला.

कोंबात राहणारा पाहुणा

गादमाशीचे शास्त्रीय नाव ओर्सिओलिया ओरायझी. मादी रात्रीच्या वेळी धानाच्या पानांवर साधारण शंभर ते दोनशे अंडी घालते. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी पानावरील दवाच्या किंवा पावसाच्या पातळ थरातून सरपटत पानाच्या आवरणाआड शिरते आणि फुटव्याच्या वाढीच्या कोंबापर्यंत पोहोचते. म्हणूनच ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि दमट वातावरण तिला मानवते.

यापुढे जे घडते ते विलक्षण आहे. पाने कुरतडणारी अळी झाड खाते, पण गादमाशीची अळी झाडाला कामाला लावते. तिच्या लाळेतील द्रव्यांमुळे कोंबाची नेहमीची वाढ थांबते आणि त्याऐवजी अळीभोवती एक पोकळ नळी तयार होऊ लागते. ही नळी कांद्याच्या पातीसारखी, चंदेरी झाक असलेली असते. यालाच 'चंदेरी पोंगा' म्हणतात. आत अळीला अन्न, ओलावा आणि संरक्षण मिळते. अळी पोंग्यातच कोषात जाते. पुढे कोष नळीतून वर सरकतो, टोकाजवळ छिद्र पडते आणि माशी बाहेर येते. हे संपूर्ण जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. त्यामुळे एकाच हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात.

पोंगा झालेल्या फुटव्याला लोंबी येत नाही. झाड ही उणीव भरून काढण्यासाठी नवे फुटवे काढते, पण पुढच्या पिढीच्या माश्या त्या कोवळ्या फुटव्यांवरच तुटून पडतात. दुरून हिरवेगार दिसणारे शेत कापणीच्या वेळी लोंब्यांविना उभे असते.

प्रत्येक वनस्पती हे एक कुलूप

ज्ञात कीटकजातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती वनस्पतींवर जगतात. तरीही कोणताही कीटक कोणतीही वनस्पती खाऊ शकत नाही. वनस्पतीला पळून जाता येत नसल्याने तिने आपल्या रक्षणासाठी रसायने, चीक, लव, काटे आणि टणक साल अशी साधने विकसित केली आहेत. ज्या कीटकांना या साधनांवर तोड सापडली, ते त्या वनस्पतीचे खास रहिवासी झाले. रुईचा विषारी चीक गुरेही टाळतात, पण प्लेन टायगर या फुलपाखराची अळी तीच रुई खाते आणि त्यातील विष शरीरात साठवून पक्ष्यांपासून स्वतःचा बचाव करते. कढीपत्ता, लिंबू आणि बेल या एकाच कुळातील झाडांवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आढळतात, कारण त्या झाडांची रसायने एकमेकांशी मिळतीजुळती आहेत.

पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फुलपाखरे आणि त्यांच्या यजमान वनस्पती यांचा अभ्यास मांडताना या नात्याला 'सहउत्क्रांती' म्हटले. वनस्पती नवे कुलूप घडवते. कालांतराने एखाद्या कीटकाकडे त्याची किल्ली तयार होते. मग पुन्हा नवे कुलूप, असा हा अखंड क्रम आहे.

यजमान बदलला की कीटकही हळूहळू वेगळा होत जातो, याचे एक उदाहरण छत्तीसगडच्या वनक्षेत्रात आहे. लाख तयार करणारा कीटक शास्त्रीयदृष्ट्या एकच असला, तरी त्याचे दोन प्रकार मानले जातात. पळस आणि बोर यांवर वाढणारा 'रंगीनी', तर कुसुम वृक्षावर वाढणारा 'कुसुमी'. दोघांची पिके वर्षातील वेगवेगळ्या काळात निघतात. कुसुमी लाख बोरीवरही घेता येते, पण कोणत्या झाडावर कोणते बीहन बांधायचे याचे भान लाख उत्पादकाला ठेवावेच लागते. उत्तर अमेरिकेतही हॉथॉर्नच्या फळांवर जगणाऱ्या एका माशीची काही पिलावळ, युरोपीय लोकांनी तेथे सफरचंद नेल्यानंतर, त्या नव्या फळाकडे वळली. बेंजामिन वॉल्श यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच त्याकडे लक्ष वेधले होते. आज त्या दोन गटांचा माशा निघण्याचा काळ आणि फळाच्या वासाची आवड यांत स्पष्ट फरक दिसतो.

या उदाहरणांत कीटक एका वनस्पतीकडून दुसरीकडे गेला. गंगईच्या बाबतीत वनस्पती तीच राहिली. बदलले ते माणसाने, वाणांच्या निवडीतून.

हरितक्रांतीनंतरचे धान

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानमधील 'तायचुंग नेटिव्ह-१', फिलिपिन्समधील 'आयआर-८' आणि त्यानंतर भारतातील 'जया' हे बुटके, भरपूर फुटवे देणारे आणि खताला प्रतिसाद देणारे वाण देशात पसरले. उत्पादन वाढले, मात्र यातील अनेक वाणांकडे गादमाशीविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. भरपूर कोवळे फुटवे, अधिक नत्र आणि मैलोनमैल एकसारखे पीक ही माशीच्या दृष्टीने पर्वणीच ठरली. 'तायचुंग नेटिव्ह-१' तर इतका बळी पडणारा ठरला की प्रयोगशाळांत आजही तो तुलनेसाठी मुद्दाम लावला जातो.

यावर उपाय म्हणून संशोधक जुन्या वाणांकडे वळले. 'ईश्वरकोरा' या देशी वाणातील प्रतिकारशक्ती वारंगळ येथे 'डब्ल्यू-१२६३' या वाणात आणली गेली. 'सयाम-२९' या वाणाचा 'आयआर-८' शी संकर करून 'फाल्गुना' तयार झाला. पहिल्यातील प्रतिकारक जनुकाला 'जीएम-१' आणि दुसऱ्यातील जनुकाला 'जीएम-२' अशी नावे मिळाली. येथे 'जीएम' ही अक्षरे गादमाशीच्या इंग्रजी नावावरून आली आहेत. जनुकीय सुधारित पिकांशी त्यांचा संबंध नाही. ही जनुके धानातीलच असून नेहमीच्या संकरातून वाणात आणली गेली आहेत.

प्रतिकारक वाणात नेमके काय घडते, हेही समजून घेण्यासारखे आहे. माशी अशा वाणावरही अंडी घालते आणि अळी कोंबापर्यंत पोहोचतेही. पण तिने खाण्यास सुरुवात करताच झाड तिची उपस्थिती ओळखते. 'जीएम-२' असलेल्या वाणात अळीच्या तोंडाजवळच्या पेशी तपकिरी पडून मरतात. झाड आपला एक सूक्ष्म भाग गमावते, पण त्याबरोबर अळीचे अन्नही संपते आणि ती मरते. 'जीएम-१' असलेल्या वाणात असा तपकिरी डाग दिसत नाही, तरीही अळी जगत नाही. म्हणजे दोन जनुकांच्या संरक्षणाच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत.

ओळख पुसणारी अळी

झाडाचे संरक्षण ओळखीवर अवलंबून आहे. वनस्पतीचे एक जनुक कीटकाच्या एका विशिष्ट खुणेला ओळखते, या तत्त्वाला 'जनुकास जनुक' संबंध म्हणतात. हॅरॉल्ड फ्लोर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जवसावरील तांबेरा रोगाच्या अभ्यासातून ते मांडले. गादमाशीच्याच कुळातील आणि गव्हावर जगणाऱ्या 'हेशियन माशी'च्या संशोधनात असे दिसले आहे की अळीच्या लाळेतील एखादे प्रथिन तयार करणारे जनुक बिघडले, तर गव्हाचे प्रतिकारक जनुक तिला ओळखू शकत नाही. पहारेकऱ्याकडे चोराचे छायाचित्र असावे आणि चोराने चेहराच बदलावा, तसा हा प्रकार आहे.

यात एक गैरसमज टाळायला हवा. अळी काही शिकत नाही आणि प्रतिकारक वाण पाहून स्वतःत बदलही घडवत नाही. माशांच्या प्रचंड संख्येत थोड्या माशांच्या जनुकांत असा फरक आधीपासून असतो किंवा योगायोगाने निर्माण होतो. साध्या वाणावर त्या माशांना विशेष लाभ नसतो, त्यामुळे त्या गर्दीत हरवून जातात. समजा, एखाद्या शिवारात दर हजार अळ्यांमागे एकच अळी प्रतिकारक वाणावर जगू शकते. संपूर्ण शिवारात तोच वाण लावला, तर उरलेल्या ९९९ अळ्या मरतात आणि पुढची पिढी त्या एकीची असते. तीन आठवड्यांनी तिची संतती पुन्हा त्याच वाणावर वाढते. पहिली काही वर्षे शेतकऱ्याला पोंगे दिसतच नाहीत, कारण संख्या अल्प असते. मग एखाद्या अनुकूल पावसाळ्यात 'प्रतिकारक' म्हणून घेतलेल्या बियाण्यातच पोंगे दिसू लागतात. बियाणे भेसळीचे होते, असा पहिला संशय येतो. अनेकदा बियाणे खरे असते. बदललेली असते ती माशी.

श्रीकाकुलम ते साकोली

'फाल्गुना'च्या बाबतीत नेमके हेच घडले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला हा वाण आंध्र प्रदेशच्या किनारी भागात मोठ्या क्षेत्रावर पसरला. १९८६ मध्ये श्रीकाकुलम जिल्ह्यात त्याच्यावर गादमाशीचा उपद्रव दिसून आला. तपासणीत ती माशी 'जीएम-१' आणि 'जीएम-२' या दोन्ही जनुकांना जुमानत नसल्याचे स्पष्ट झाले. तिला 'जैवप्रकार ४' असे नाव देण्यात आले. एकाच जातीतील, दिसायला सारखे पण यजमानावर जगण्याची क्षमता भिन्न असलेले गट, असा 'जैवप्रकार' या शब्दाचा अर्थ आहे. विदर्भातील साकोली परिसरातील माशीही याच चौथ्या प्रकारात मोडत असल्याचे आढळले.

संकराच्या प्रयोगांतून आणखी एक बाब पुढे आली. 'जीएम-२' वर मात करण्याची चौथ्या प्रकारातील माशीची क्षमता एकाच अप्रभावी जनुकावर अवलंबून असून ते जनुक लिंग-गुणसूत्रावर आहे. नरात अशा गुणसूत्राची एकच प्रत असल्याने तो गुण दुसऱ्या प्रतीआड लपून राहत नाही. तो लगेच प्रकट होतो. एवढ्या मोठ्या संशोधनातून तयार झालेल्या वाणाचा पाडाव माशीच्या एका छोट्या बदलाने होऊ शकतो, याचे हे कारण आहे.

जैवप्रकार ओळखण्याची पद्धत साधी आहे. वेगवेगळी प्रतिकारक जनुके असलेल्या वाणांचे गट ठिकठिकाणी लावले जातात आणि कोणत्या गटावर पोंगे येतात, ते पाहिले जाते. १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात संशोधन कार्यक्रमाच्या जाळ्यातून हे काम चालत आले आहे. या वर्गीकरणात रायपूर परिसरातील माशी 'जैवप्रकार १' मध्ये नोंदली गेली. 'जीएम-१' आणि 'जीएम-२' ही दोन्ही जनुके तिला रोखतात. ओडिशात आढळलेला दुसरा प्रकार 'जीएम-१' ला जुमानत नाही, पण 'जीएम-२' पुढे हरतो. तिसऱ्याचे याच्या उलट आहे. केरळमधील पाचवा आणि मणिपूरमधील सहावा हे आणखी वेगळे, तर वारंगळ परिसरात सापडलेला '४-एम' हा प्रकार कसोटीच्या सर्वच गटांवर वाढतो. अशा प्रकारे भारतात गादमाशीचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. बियाण्याच्या पिशवीवर 'गादमाशी प्रतिकारक' एवढेच लिहिलेले असेल, तर ती माहिती अपुरी आहे. कोणत्या जैवप्रकाराला प्रतिकारक, हे कळल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. छत्तीसगडमध्ये लोकप्रिय झालेल्या 'महामाया'सारख्या वाणाने गंगईपासून संरक्षण दिले, म्हणून तेच बियाणे महामार्गाने दीडशे किलोमीटर पलीकडे नेले तर तेथेही तसेच संरक्षण देईल, असे गृहीत धरता येत नाही. भिलाईत विदर्भातून येऊन स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांपैकी कित्येकांची गावाकडे धानाची शेती आहे. नातलगांमार्फत बियाण्याची देवाणघेवाण करताना ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रायपूरचा ठेवा

माशी बदलत राहणार असेल, तर धानाकडेही नवी उत्तरे हवीत. ती उत्तरे कोठून येतात, याचा शोध घेतला असता पुन्हा छत्तीसगडच समोर येते. भिलाईपासून तासाभराच्या अंतरावर रायपूर येथे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. तेथे देशी धानाच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. त्याचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी घातला. कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालकपद भूषवलेल्या या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तत्कालीन मध्य प्रदेशातील गावोगावचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. २००२ मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी या संग्रहाच्या वापराबाबतचा प्रस्तावित करार तीव्र जनविरोधानंतर मागे घ्यावा लागला, तेव्हा या ठेव्याचे मोल सर्वसामान्यांपर्यंतही पोहोचले.

धानातील गादमाशी प्रतिकारक जनुकांची यादी आता अकराच्या पुढे गेली आहे. त्यातील 'जीएम-८' हे जनुक 'झिटपिटी' या वाणात, तर 'जीएम-९' हे 'माधुरी'च्या एका निवडीत सापडले. रायपूरच्या संशोधकांचा या शोधांत महत्त्वाचा वाटा आहे. बाजारात भाव नसलेले, कमी उत्पादनाचे म्हणून मागे पडलेले एखादे देशी धान आपल्या जनुकांत अशा कुलपाची घडण सांभाळून असते. शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी ते दरवर्षी पेरले, निवडले आणि राखले म्हणूनच ते उपलब्ध आहे.

शीतगृहातील नमुना आणि शेतात पेरले जाणारे बियाणे यांत मात्र फरक आहे. शीतगृहात बियाणे जसेच्या तसे राहते. शेतातील धान माशी, रोग आणि हवामान यांच्या सहवासात दरवर्षी निवडले जाते. म्हणून संग्रह जपण्याबरोबरच काही देशी वाण शेतात टिकवणेही तितकेच गरजेचे आहे. माशीची उत्क्रांती थांबत नसताना धानाची थांबवून चालणार नाही.

कापसाचा धडा

महाराष्ट्राच्या वाचकाला हाच नियम कापसातून परिचित आहे. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला मान्यता मिळाली. त्यातील विषारी प्रथिन जिवाणूच्या जनुकापासून येते. काही वर्षे बोंडअळ्यांचा उपद्रव कमी झाला. पुढे गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीने पहिल्या प्रथिनावर मात केल्याचे समोर आले. त्यानंतर दोन प्रथिनांच्या कापसावरही ती तग धरू लागली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना तिचा मोठा फटका बसला.

गुलाबी बोंडअळी जवळजवळ पूर्णपणे कापसावरच अवलंबून असते. तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगणाऱ्या हिरव्या बोंडअळीला बीटीबाहेरही मोठे आश्रयस्थान मिळते; त्यामुळे बीटीला बळी पडू शकणाऱ्या अळ्यांचा वंश तेथे टिकतो आणि प्रतिकारक अळ्यांशी त्यांचा संकर होत राहतो. गुलाबी बोंडअळीला असे दुसरे घर नाही. बीटी कापसाच्या कडेने साधा कापूस लावण्याची शिफारस याच कारणासाठी होती, पण प्रत्यक्षात तिचे पालन फारसे झाले नाही. जनुक निसर्गातील असो वा प्रयोगशाळेतून आलेले, एकाच संरक्षणाने सगळे शिवार व्यापले की त्याचे आयुष्य घटते.

वाणाचे आयुष्य कसे वाढेल

गंगईशी सामना करताना याच तत्त्वांचा उपयोग होतो. पहिला मार्ग म्हणजे एका वाणात दोन किंवा अधिक जनुके एकत्र आणणे. पहिल्या जनुकावर मात करणारी अळी हजारात एक आणि दुसऱ्यावर मात करणारीही हजारात एक असेल, तर दोन्हींवर एकाच वेळी मात करणारी अळी साधारण दहा लाखांत एक असेल. 'जीएम-४' आणि 'जीएम-८' अशी जनुके एकत्र आणण्याचे प्रयत्न हैदराबाद येथील भात संशोधन संस्थेत झाले आहेत. यात एक खबरदारी मात्र आवश्यक आहे. शेजारच्या शेतात त्यांपैकी एकच जनुक असलेले वाण लावले गेले, तर माशीला पायरी-पायरीने वर चढण्याची संधी मिळते.

दुसरा मार्ग वैविध्याचा. संपूर्ण गावात एकच वाण लावण्याऐवजी वेगवेगळ्या जनुकांचे आणि कालावधीचे वाण असले, तर माशीवर एकाच दिशेने दबाव येत नाही. बांधावरील गवते आणि रानधान यांवरही गादमाशी जगते. ती पूर्वहंगामात माशीला आसरा देतात म्हणून बांध स्वच्छ ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो योग्यच आहे.

तिसरा मार्ग जनुकांवर अवलंबून नसलेल्या उपायांचा आहे. वेळेवर, शक्यतो लवकर रोवणी केल्यास माशीची संख्या वाढण्यापूर्वीच पिकाचा नाजूक काळ सरतो. नत्र खत बेताने व विभागून देणे, प्रकाश सापळ्यांनी माशीच्या आगमनाची नोंद ठेवणे, हेही उपयोगी ठरते. प्लॅटिगॅस्टर ओरायझी ही अतिशय बारीक परोपजीवी गांधीलमाशी तर शेतकऱ्याची न बोलावता आलेली मदतनीस आहे. तिच्या एका अंड्यातून अनेक पिले होतात आणि ती गादमाशीच्या अळीला आतून संपवतात. अळी कोणत्या जैवप्रकाराची आहे, याच्याशी या गांधीलमाशीला देणेघेणे नसते. जुनी आणि बदललेली, दोन्ही प्रकारची अळी तिला सारखीच. म्हणूनच तिच्यामुळे माशीची संख्या घटते, पण वाणावर मात करणाऱ्या अळीला वेगळा लाभ मिळत नाही. सरसकट कीटकनाशक फवारणीत ही मदतनीस प्रथम मरते, तर पोंग्यात दडलेली अळी सुरक्षित राहते.

चौथी आणि शेतकऱ्याच्या हातातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निरीक्षण. प्रतिकारक म्हणून लावलेल्या वाणात चंदेरी पोंगे दिसले, तर ती केवळ त्या शेताची हानी नसते. माशी बदलत असल्याची ती पहिली सूचना असू शकते. अशा वेळी पोंगे मोजून, वाणाचे नाव आणि रोवणीची तारीख यांसह नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवल्यास पुढील हंगामातील शिफारस बदलता येते. श्रीकाकुलममधील बदल उघड झाला, तोही शेतात पोंगे दिसल्यावरच.

प्रतिकारक वाण ही कायमची भिंत नाही. ती ठरावीक काळ पुरणारी ठेव आहे आणि ती किती वर्षे पुरेल, हे ती कशी वापरली जाते यावर अवलंबून आहे. एकाच वाणाच्या मागे सगळे शिवार धावले की ठेव लवकर संपते. अनेक वाण, वेळेवरची रोवणी आणि जागरूक नजर असेल तर ती दीर्घकाळ टिकते. येत्या खरिपात बियाणे निवडताना दुकानदाराला किंवा कृषी सहायकाला एक प्रश्न जरूर विचारावा : हे धान गंगईच्या कोणत्या प्रकाराला रोखते, आणि आपल्या शिवारात कोणता प्रकार आहे?